रंग सांग, शब्द वाचू नकोस

आई,

सोमवारपासून मी क्लिनिकमधल्या मुलींसमोर बसणार. खायला घाबरणाऱ्या मुली गं, बारावीत मी होते तशा. इथे बॉनमध्ये माझी पीएचडी त्यांच्यावरच चाललीय. मोठ्या मॉनिटरवर लाल, हिरव्या, निळ्या अक्षरांत शब्द येतात. शब्द सोडून द्यायचा, नुसतं रंगाचं बटण दाबायचं. सोपं वाटतं ना? पण शब्द मनाला झोंबणारा असला की बोट किंचित रेंगाळतं. 'मला काहीसुद्धा झालेलं नाही' म्हणणारीचंही. आमच्या प्रोफेसरबाईंचा दंडक असा, की आधी स्वतः चाचणी द्यायची. मला धडकीच भरली. मी खरंच बरी झालेय, की आजारीच आजाऱ्यांना तपासायला निघालेय?

जर्मन शब्दांवर बोट सरसर चाललं. चरबी, पोट, केक, कशावरच अडलं नाही. बाई खूश. मला मात्र चैन पडेना. जर्मनमध्ये मला कधी कुणी जाडी म्हणून चिडवलंय? म्हणून मराठी शब्द घातले आणि परत बसले. 'जाडी'वर बोट थांबलं नाही, 'तूप'वरही नाही. 'पोळी'वर मात्र चांगलंच अडलं. पोळी म्हणजे काय ते सांगून बाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, "हे बघ, लक्ष कुठे अडकलं एवढंच हे यंत्र सांगतं. भीतीने, भुकेने की मायेने, ते माणसालाच विचारावं लागतं."

मग विचारलं स्वतःला, तर आपलं स्वयंपाकघरच दिसलं. मावशी म्हणतेय, "काय हा अवतार, नुसती हाडं राहिलीत." आणि तू तव्यावरची नजरही न काढता, "ताई, तिच्या अंगाकडे नको बघूस, तिच्याशी बोल." मग पोळी मोडून अर्धी माझ्या ताटात, अर्धी तुझ्या. "मला एकटीला जात नाही गं," म्हणतेस. धादांत खोटं. मी तोंड वाकडं करते, पण खाते. त्या अर्ध्या अर्ध्या पोळ्यांनीच मला उभं केलं, आई. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

बाईंना एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. सोमवारी वेळेवर ये." म्हणून आज खुशीत आहे. दुपारी युनिव्हर्सिटीच्या मेन्सात, म्हणजे इथल्या कँटीनमध्ये बसून पोटभर जेवलेसुद्धा.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा बाईंना जे बोलले नाही ते इथेच लिहिते. भूक लागली की अजूनही आधी क्षणभर भीती वाटते. मग जेवते.