चौथ्या होलवरची हाक

बंगळूर, ता. ८ फेब्रुवारी १९६६

प्रिय शुभदा,

तुझं, माझं, तुझ्या आईचं आणि ज्यांच्या घरी आपल्या नंदूसारखं माणूस आहे त्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: लोक त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलतात. परवा यशवंतपूरच्या बाजारात शेजारच्या कस्तुराबाईंनी त्याच्यासमोर उभं राहून तुझ्या आईला विचारलं, "जेवतो का हो हातानं?" एकवीस वर्षांचा तुझा भाऊ! मी तिथेच कांद्याच्या पोत्यांमध्ये उभा राहून समतेवर दहा मिनिटं बोललो. बाई 'सरी, सरी', बरं बरं, करत सटकल्या. आई म्हणाली, "झालं? आता भाजी घ्यायची का?"

दोन वर्षांनी पत्र लिहितो आहे आणि बातमी गोल्फची आहे. हसू नकोस. नंदूच्या शाळेने मोठ्या झालेल्या सहा मंदबुद्धी मुलांना हा खेळ शिकवायला घेतला आहे. माझ्या कारखान्यामागच्या माळावर नऊ होलचं मैदान आहे. शिकवायला शिवाप्पा नावाचे गृहस्थ आहेत. तीस वर्षं त्यांनी साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहिल्या आणि बघून बघून खेळ उचलला. पहिल्या दिवशी मी त्यांनाही सुनावलं की गोऱ्यांचा हा रिकामटेकडा खेळ आमच्या मुलांच्या गळ्यात कशाला? ते म्हणाले, "चेंडूला काय ठाऊक स्वामी, मारणारा कोण ते?" सभेत मला असा टोला कुणी लगावला नव्हता.

मग मी ग्रंथालयातून गोल्फवरची मिळतील ती पुस्तकं आणून वाचली, आणि काठी कशी धरायची, खांदा कसा वळवायचा, हे महिनाभर नंदूला समजावलं. एक फटका लागला नाही. शिवाप्पांनी सगळं दोन शब्दांत बसवलं. 'ओंदु', म्हणजे एक, म्हटलं की काठी मागे; 'एरडु', म्हणजे दोन, म्हटलं की पुढे. नंदू आता स्वतःशीच पुटपुटतो, ओंदु, एरडु, आणि चेंडू असा सुटतो की बघणाऱ्याने टोपी काढावी. इथे होलभोवती हिरवळ नसते, तेल शिंपडलेली तपकिरी वाळू असते. खेळून झालं की गोणपाट ओढून ती सारखी करायची. नंदू आपल्या पावलांबरोबर इतरांचीही पावलं पुसतो आणि एकही उरू देत नाही. बाकीचे खोळंबतात, ओरडतात, तो ढळत नाही.

येत्या वीस तारखेला, रविवारी, म्हैसूरच्या शाळेशी सामना आहे. पहिल्यांदाच अशा मुलांचा सामना, आणि बघायला लोक येणार. कारखान्यातले माझे सहकारी येणार. मला झोप लागत नाही. वाटतं, एखादा हसला तर? नंदू मधेच बसला तर? वर्तमानपत्रात नाव येईल या आनंदाने घाम फुटतो आणि येणार नाही या विचारानेही फुटतो. आई म्हणते, "खेळायचंय त्याला, आणि झोप उडालीय तुमची."

परवाच्या रविवारी सराव-सामना झाला. मी नंदूची पिशवी घेऊन बरोबर होतो. तीन होल तो मान खाली घालून, शांतपणे खेळला. चौथ्यावर चेंडू होलपासून दोन हातांवर. एवढा घातला की तो सगळ्यांत पहिला येणार. त्याने काठी मागे नेली आणि मला राहवलं नाही. मैदान घुमेल अशा आवाजात मी ओरडलो, "हळू, नंदू! हळू मार!" त्याच्या हातातली काठी गळाली. दोन्ही कानांवर हात दाबून तो वाळूत बसला तो तासभर उठला नाही. शिवाप्पा माझ्या दंडाला धरून म्हणाले, "स्वामी, स्वल्प सुम्निरी." जरा गप्प राहा. मग म्हणाले, "चेंडू चुकला म्हणून नाही बसला तो. तुमचा आवाज ऐकून बसला."

शुभदा, ते कान कधीपासून झाकले जातात, ते तुला आणि मलाच माहीत आहे. तुला बघायला परगावची मंडळी आली त्या दिवशी मी नंदूला मागच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली आणि दारावर थाप मारून याच आवाजात ओरडलो, "आवाज केलास तर बघ!" घरात आणखी कोण, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, कुणी नाही. आदल्याच संध्याकाळी मी माणसाच्या प्रतिष्ठेवर व्याख्यान दिलं होतं. तू चहाचा ट्रे खाली ठेवलास, कडी काढलीस, नंदूचा हात धरून त्याला सगळ्यांसमोर आणलंस आणि म्हणालीस, "हा माझा भाऊ." लग्न मोडलं, आणि ते तू मोडलंस असं मी दोन वर्षं सांगत आलो. तू धारवाडला नोकरी धरलीस ती माझं तोंड दिसू नये म्हणून. चूक माझी होती. कडी मी लावली होती. हे वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

आता हे पत्र का, ते सांगतो. सामन्याचा नियम असा, की प्रत्येक खेळाडूबरोबर पिशवी घेऊन घरचंच एक माणूस चालेल. शिवाप्पांना परवानगी नाही. आईचे गुडघे नऊ होल चालणार नाहीत. उरलो मी, आणि मी बरोबर असलो तर नंदू खेळणार नाही. काल त्याला विचारलं, पिशवी कुणी घ्यायची? त्याने माझ्याकडे बघितलं नाही. खुंटीवर तुझी जुनी छत्री आहे, तिच्याकडे बोट केलं. मी अर्जावर तुझं नाव लिहिलं आहे. मी मैदानावर येणार नाही, घरी बसेन. मला माफ करायला येऊ नकोस. त्यासाठी तुझ्याजवळ आयुष्य पडलं आहे, नाही केलंस तरी चालेल. एवढंच कर: शनिवारी, एकोणीस तारखेला, धारवाडहून सकाळची गाडी धर, आणि रविवारी सातला नंदूची पिशवी खांद्याला लाव.

तुझाच,
अप्पा