बेंजामिन अंकलच्या गाडीची मागची स्प्रिंग

वादी कबीर, मस्कत
शनिवार

तीर्थस्वरूप नोएलमामांस,

लॉईडचा नमस्कार आणि जय ख्रिस्त. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचं ब्लडप्रेशर मी कॉलेज सोडल्यामुळे वाढलं असं आई अजून फोनवर ऐकवते, त्यामुळे त्याची चौकशी करायची हिंमत होत नाही. तरी ते उतरलं असावं अशी प्रार्थना करतो. मी खुशाल आहे. (डाव्या डोळ्याखाली सूज आहे, पण ती सिराजबरोबर झालेल्या चर्चेची आहे. ते पुढे येईल.)

तान्याचे पप्पा, बेंजामिन अंकल, आमच्या गॅरेजचे फोरमन. (तान्या कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यामागे मी डिप्लोमा अर्ध्यात टाकून ओमानला पळालो, असं सगळी वसई म्हणते. मी नोकरीसाठी आलो, ती इथे होती, यापलीकडे मी काही बोलणार नाही.) अंकलचा आजार आता हाडांत उतरलाय. डॉक्टर म्हणाले, घरी घेऊन जा. घरी म्हणजे अल् घुब्राच्या फ्लॅटवर नव्हे, वसईला, हे सगळ्यांना कळलं. येत्या गुरुवारचं विमान आहे. त्याआधी अंकलना एकच गोष्ट हवी होती: स्वतः बांधलेल्या हॉटरॉडमधून एक फेरी.

हॉटरॉड म्हणजे जुन्या फोर्डचा सांगाडा घ्यायचा, टप आणि मडगार्डं उतरवायची आणि आत भलतंच मोठं इंजिन बसवायचं. अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, गॅरेजचा एक कोपरा दिला होता, तिथे अंकलनी ही गाडी वर्षानुवर्षं जोडली. सगळं झालं, मागची स्प्रिंग तेवढी राहिली. या गाडीला मागे एकच स्प्रिंग असते, तीही आडवी, धनुष्यासारखी, एकावर एक पाटे रचलेली. मूळची स्प्रिंग इतकी वाकडी की गाडी कोंबडीसारखी शेपूट वर करून उभी राहते. अंकलना हवी होती चपटी, म्हणजे गाडी मागून जमिनीला टेकल्यासारखी दिसते. "मला पालखी नको, इंजिनिअर, हॉटरॉड पाहिजे." (मला ते 'इंजिनिअर' म्हणतात. किती वर्षं पूर्ण केली हे माहीत असूनही.) आणि तान्याने मला जिन्यात गाठून बजावलं, की धक्का बसून पप्पांचं एक जरी हाड मोडलं तर तुझं तोंड बघणार नाही; स्प्रिंग मऊच पाहिजे, गाडी माकडासारखी दिसली तरी चालेल.

आता मामा, सासरा सांभाळायचा की सासऱ्याची मुलगी? (दोघांपैकी कुणीच अजून ते नातं कबूल केलेलं नाही.) मी दोघांना हो म्हटलं. सुटे भाग विकणाऱ्या सिराजकडून चपटी स्प्रिंग उचलली आणि तिचे दोन पाटे काढून टाकले. खाली बसलेलीही आणि मऊही. त्या दिवशी मी इतका खूश होतो, की परीक्षेला बसलो असतो तर पास झालो असतो.

पण स्प्रिंग तपासायची तर भार घालून. म्हणून मागच्या शुक्रवारी मिसा झाल्यावर चर्चमधली मंडळी गॅरेजवर जमली. स्टिअरिंगवर मी बसलो. अंकलना थकवणं नको, म्हणून त्यांच्या जागी तांदळाच्या पिशव्या ठेवायच्या ठरल्या. सिराज म्हणाला, "अंकलचा वजन कितीसा धरायचा?"

तान्याची आई, मटिल्डा आंटी, ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पंच्याण्णव."

त्याच सकाळी लिफ्ट बंद म्हणून मी अंकलना तीन मजले कडेवर उतरवलं होतं आणि मला दमसुद्धा लागला नव्हता. सिराज म्हणाला, "आंटी, तो माणूस आता..." आणि पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण मी रबरी हातोडा फेकला. माझा नेम चुकला आणि तो अर्बाबच्या गाडीच्या आरशाला लागला. सिराजचा हात मात्र चुकला नाही. मग मी पंच्याण्णव किलो तांदूळ चढवले, मागचा ॲक्सल सांगाड्याला धाडकन टेकला, आणि काढलेले दोन्ही पाटे परत बसवावे लागले. आंटींना केवढं समाधान वाटलं! चर्चची मंडळीही म्हणाली, आता बेंजामिन आरामात बसेल.

काल फेरी निघाली. मी आणि अंकल पुढे, सिराजच्या पिकअपमध्ये तान्या आणि आंटी मागे. दोघांच्या सीटवर आम्ही बसलो तरी मध्ये उशी, थर्मास आणि आंटींची मोठी पर्स मावली. गॅरेजबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला अंकल सीटवरून उडाले. ओरडले नाहीत. दार घट्ट धरून बसले. मी गाडी थांबवली. ते म्हणाले, "इंजिनिअर, स्प्रिंग कुणाच्या मापाची लावलीस?"

"तुमच्याच, अंकल."

"मग त्याला का नाही आणलंस?"

तान्या पिकअपमधून उतरून आली होती. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही एक्केचाळीस किलोचे आहात." मागून आंटींनी "तान्या!" म्हणून जी हाक मारली, ती मी जन्मात विसरणार नाही. अंकलनी मुलीकडे बघितलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "चला, यल्ला. काढा पाटे."

दोन काढले. अंकल म्हणाले, अजून एक. गाडी अशी मऊ झाली की आम्ही मत्राच्या समुद्रापर्यंत गेलो आणि आलो. अंकल डोळे मिटून होते. (जिवंत होते. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्यांनी शिवी दिली.)

थोरांना नमस्कार, धाकट्यांना माझ्यापासून लांब राहण्याचा सल्ला.

तुमचा,
लॉईड

ता. क. : खरं काम हे. गुरुवारी विमानतळावर तुमचा भाजीचा टेम्पो घेऊन या. अंकल ॲम्ब्युलन्सला तयार नाहीत. पण टेम्पो रिकामा आणू नका, रिकामा उडतो. चारी कोपऱ्यांत वाळूच्या गोण्या ठेवा आणि मध्ये दोन गाद्या. टायरची हवा थोडी कमी करा.

पुन्हा ता. क. : टेम्पोत एक माणूस जास्त धरा. मीही त्याच विमानात आहे. नोकरीला कालच खलास म्हटलं. (आरशामुळे अर्बाब माझ्याआधीच म्हणाला होता.) आईला मीच सांगेन, तुमच्या मागे उभा राहून.

अजून एक : अंकल समोर आले की "तब्येत छान दिसते" असं म्हणू नका. तान्या असं बोलणाऱ्या माणसाशी परत बोलत नाही. त्या पंच्याण्णव किलोंनंतर माझ्याशीही बोलत नव्हती, कालपासून बोलते आहे. पप्पांना कसं उचलायचं, एवढंच सांगते, पण बोलते.