लॅपटॉपच्या खणात अडकलेला आवाज

गुरुजी,

तुमच्या हयातीत लॅपटॉप आपल्याकडे आले नव्हते, म्हणून सांगतो. पाटीएवढी, वहीसारखी मिटणारी पेटी असते ती, आणि माझ्या जुन्या पेटीच्या कडेला सीडी ठेवायचा एक पातळ खण आहे. मंगळवारी सकाळी त्या खणात तुम्ही अडकलात. बटण दाबलं की आत टक् टक् व्हायचं, खण केसभर पुढे यायचा आणि तिथंच थांबायचा. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, पडद्यावरून उघडायची आज्ञा देऊन पाहिली, शेवटी कागदाच्या क्लिपची तार सरळ करून कडेच्या बारीक भोकात घातली. आत काहीतरी करकरलं. घरातून हिनं विचारलं, "आता काय सुरीनं कापून राहिले का त्याले?" मी सुरी पाठीमागे लपवली. खरंच घेतली होती हो हातात.

भीती कशाची, ते तुम्हाला कळेल. अकोल्याच्या तुमच्या घरी टेपवर घेतलेला तुमचा आवाज जगात तेवढाच उरला आहे. मूळ टेपला बुरशी लागली, त्याआधी तिची एकच सीडी करून घेतली होती. ती कपाटात जपली, पण कधी ऐकली नाही. दुसरी प्रत काढायची, तर कुणीतरी ती लावून ऐकणार, म्हणून तेही टाळलं. परवा वाटलं, आता आपलंच वय झालं, एकदा ऐकावी. लावली, आणि आवाज यायच्या आधीच खण रुसला.

लॅपटॉप छातीशी धरून ऑटोनं इथल्या, अमरावतीच्या, एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानवाले भाई पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी खणाच्या फटीत बॅटरीचा उजेड टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा सातवीत.

"काकाजी, सीडीले काय चिपकवलं तुमी?"

"चिठ्ठी. नावाची."

"कायनं?"

"खळीनं. घरी केली, कणकेची."

"अरे बापा! सीडी हाय का पोळी हाय ते? काहून चिपकवली जी?"

काय सांगू त्यांना? जून महिना, कोऱ्या वह्यांचा वास, आईनं चुलीवर शिजवलेली खळ, आणि तुम्ही टेबलाशी उभे. वहीवर चिठ्ठी नसेल तर ती तुम्ही दाराबाहेर ठेवता. "बिननावाची वही बेवारस," म्हणता. माझी एकदा बाहेर गेली होती. तेव्हापासून घरातल्या डब्यांनाही मी चिठ्ठ्या लावतो. तुमच्या सीडीवर तर वळणदार अक्षरात, दोनदा खळ लावून चिकटवली. मशीन तापलं, चिठ्ठी अर्धी सुटली आणि खणाच्या छताला जाऊन चिकटली. तुम्हीच लावलेल्या सवयीनं तुम्हाला कोंडलं.

भाईंनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापली, फटीतून हळूच सरकवून चिठ्ठी दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं भोकात तार घातली. "सीडी तुटली त मले बोल लावू नका हां," म्हणाले. मी डोळे मिटले. टक्. खण बाहेर आला. सीडी शाबूत होती. भाईंनी ओल्या कपड्यानं चिठ्ठी सोडवली, सीडी पुसली आणि मी नको नको म्हणत असताना तपासायला दुसऱ्या मशीनमध्ये लावलीसुद्धा. आधी तुमचा खोकला आला. मग तुम्ही म्हणालात, "हं, ऐका." मी स्टुलावरून उठून उभा राहिलो.

"बसा ना काकाजी, तुमचंच काम करून राहिलो."

"पुढे नको, भाई. नुसती कॉपी काढा."

त्यांनी हसत बंद केलं. त्यांना वाटलं, म्हातारा हळवा झाला.

तुमची रीत होती, कविता म्हणता म्हणता शेवटच्या ओळीपाशी थांबायचं आणि एका मुलाकडे पाहायचं. सातवीत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मला ओळ आठवली नाही. मारलं नाहीत. नुसते थांबलात. घंटा झाली, तेव्हा म्हणालात, "उद्या सांग." दुसऱ्या दिवशी मी पोटदुखीचं निमित्त करून घरी राहिलो आणि तुम्ही पुन्हा कधीच विचारलं नाहीत. पुढे मी नोकरीत केस पांढरे करून टेप घेऊन आलो, तर तुम्ही नेमकी तीच कविता काढलीत आणि तिथंच थांबलात. खाटेवरून माझ्याकडे पाहत राहिलात. टेपमध्ये ती शांतता असणार, गुरुजी, आणि मग माझा आवाज. त्याचीच भीती आहे.

आता दोन सीड्या माझ्यासमोर आहेत, चिठ्ठी एकीवरही नाही. ओळ मी तुमच्या तेराव्याहून परतल्यावर पाठ केली. रोज अंघोळ करताना म्हणतो, एकदाही चुकत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. अकोल्याला त्या दिवशी टेप बंद करता करता मी म्हणालो, सेल संपले, आणि तुम्ही म्हणालात, "राहू दे, पुढच्या खेपेला सांग." सेल नवे होते, गुरुजी. सकाळीच टाकले होते.