सायकलीले पाणी

बाबा, तुमी मले खोटं शिकवलं आन् मी ते सायकलवाल्यायच्या भरल्या टोळीसमोर बोलून बसली. सायकलीले पाणी पाजा लागते, नाही तं ते रस्त्यातच बसते! काहून सांगितलं हो असं? मी बोरिंगपाशी साऱ्यायले थांबवलं, दांडा हापसला, चाकावर पाणी टाकलं आन् ऐटीत सांगितलं. एक इंजिनियर साहेब हसता हसता सायकलीवरून पडाले आले. "आंटी, ये भैंस है क्या?" म्हणे. सारे खिदळले. माये कान तापले. मेल्या माणसावर चिडता येत नाही म्हणतात, मी तं अजून चिडूनच राहिली.

मले ते लहानपणचं सारं दिसते. तुमची रेस्ट हाये, सुटीचा दिवस. रेल्वेचा माणूस, खिशात पास, तरी गुढियारीहून अभनपूरले आत्याकडे आपण सायकलीनंच चाललो. मी मागं कॅरियरवर. बोरिंग दिसलं का तुमी उतरता, मले दांडा हापसाले लावता, ओंजळीनं चाक भिजवता. मी करवादते, "बाबा, चला ना, आत्याचं वरण थंडं होईन!" तुमी म्हणता, "पोट्टे, इंजिन ठेसनावर पाणी पेते का नाही? मंग ही बिचारी काय दगडाची हाये?" इंजिनाच्या शेडात काम करणारा माणूस, तुमाले कोण खोटं म्हणन? शाळा तं माही चौथीतच सुटली. माये मास्तर तुमीच.

आता मी बूढापाऱ्यात लोकायच्या घरी सैपाक करते. जाणं-येणं सायकलीनंच, जलमभर तेच केलं. त्यातल्या एका घरची पुण्याची ताई रविवारी लोकायले सायकलीवर गावं दाखवाले नेते. मले भाजी घेऊन सपाट्यानं येताना पाहिलं आन् म्हणे, "काकू, आमच्या पुढे चला, रस्ता दाखवा." मले! तवापासून मी सोमवारपासूनच रविवारची वाट पाहते. पण मले दम कुठं निघते? मी पुढं पळो, लोकं मागं हरवो. एक डाक्टरीनबाई तं भलत्याच गावात जाऊन बसल्या. गावच्या बायायनं त्यायले बोरं चारली, पोरायच्या खोकल्याची औषधं विचारली, आन् मी इकडं रस्त्यावर बोंबलून राहिली. मंग ताईनं सांगून टाकलं, "काकू, राग मानू नका. या रविवारी एक जरी माणूस मागे राहिला, तर मला दुसरं कोणी बघावं लागेल." सैपाक सुटला तं दुसरं घर भेटते. हे कुठं भेटन?

त्याच रविवारी हे पाण्याचं झालं. सारे हसून राहिले तेवढ्यात मागून डाक्टरीनबाई आल्या, लाल लाल, बोलता येईना. बोरिंगच्या ओट्यावर टेकल्या. कोणी नाही म्हणलं का उशीर केला, कोणी घड्याळ नाही पाहिलं. सारे एकमेकायच्या चाकावर पाणी उडवण्यात दंग. त्यायनं दम खाल्ला आन् म्हणल्या, "मेरी वाली को भी पिलाओ भई, बहुत प्यासी है."

तवा मले तुमी दिसले. कमरेवर हात, तोंड वावराकडं, पाठीवरची बंडी वरखाली होऊन राहिली. मी सायकलीकडंच पाहत होती ना, तुमच्याकडं कोण पाहते! बाप्पा, "पोट्टे, दमलो" म्हणाले काय जीभ झडली होती?

आता बोरिंग दिसलं का टोळीच ओरडते, "काकू, पानी!" कोणी मागं राहत नाही. माही पोरगी इकडच्या हिंदीत म्हणते, "मम्मी, काहे झूठ बोलती हो लोगों से?" मी म्हणली, "हव, बोलते. माया बापाचं हाये."

हा चिठ्ठीचा कागद कुठं जात नाही, मले ठाऊक हाये. पिठाच्या डब्याखाली राहीन. पण विचारा लागते. या रविवारी अभनपूरच्या पुढं, राजिमले नदीपर्यंत जायचं हाये. ताई नाही येत, सारी टोळी माया एकटीच्या भरवशावर. त्या रस्त्यानं तुमी मले कधी नेलंच नाही. कोणाले सांगत नाही, पण मले भेव वाटून राहिलं, जराक. पुढं कुठं कुठं थांबू? शनिवारी सांजपर्यंत सांगा. पहाटे निघतो आमी.