ओढ्यापलीकडचं घर

थॉर्लहॅम, सफक
११ मे १९३४

प्रिय सायलस,

सारं क्षेम. गाय व्याली, कालवड झाली. तिकडे लर्विक बंदराला हेरिंग मासा भरपूर लागतोय, असं तुझी डॉर्कस सांगत होती. बोटीवर नीट जेवतोस ना?

हिवाळ्यात पाद्रीसाहेबांनी गावाच्या नावावर व्याख्यान दिलं. नावाच्या शेपटीला जे 'हॅम' आहे तेच आजचं 'होम', म्हणजे घर. पण जुन्या लोकांचं घर चार भिंतींएवढं नव्हतं. चूल, अंगण, शेतं आणि तिथे वस्ती करून राहिलेली माणसं, सगळं मिळून हॅम. हिंदुस्थानच्या जुन्या भाषेतला 'क्षेम' त्याचाच लांबचा भाऊबंद असावा, असंही काही पंडित मानतात म्हणे. इतक्या लांबचा! मला भारीच गंमत वाटली. बाबा मात्र पहिल्या बाकावर चक्क घोरत होते.

काल गावाची शीव फिरायची होती, हद्द सगळ्यांच्या लक्षात राहावी म्हणून दरवर्षी फिरतो तशी. वाळुंजाच्या छड्या घेऊन, शिवेच्या दगडादगडावर मारत निघालो. सगळ्यांत वडीलधारे म्हणून बाबा पुढे. ओढ्यापाशी डावीकडे वळायचं, तर बाबा बुटांसकट पाण्यात उतरले.

"अहो, ती शेजारच्या गावची हद्द!" पाद्रीसाहेब ओरडले.

"असू दे की! हॅम म्हणजे माणसं, तुम्हीच सांगितलंत ना? का तेव्हा तुम्हीही झोपेत होतात?"

तुझ्या लग्नात "ओढा ओलांडलास तर या घराचा नाहीस" म्हणणारे हेच बाबा. पलीकडे जाऊन तुझ्या घराला पुरा वळसा घातला आणि दारावर छडी मारली. डॉर्कस पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"पोरी, हे घर शिवेच्या आत आलं."

"आधी तुम्ही आत या. पाय भिजलेत."

मला रडूच फुटलं. कायद्याची शीव होती तिथेच आहे, पण ते बाबांना कोण सांगणार!

वर 'सारं क्षेम' लिहिलं ते सवयीनं. बाबा अजून आत गेलेले बाहेर आले नाहीत. रात्रीपासून ताप आहे, छाती भरलीय. डॉक्टर म्हणाले, हलवू नका. तुझ्याच खाटेवर आहेत, आणि मी तुझ्याच टेबलाशी लिहितेय. डॉर्कस त्यांना चमच्यानं सूप भरवते. तुला बोलवा, असं म्हणत नाहीत. समुद्रावर वारा कुठला आहे, एवढंच सारखं विचारतात.

मला भीती वाटते रे. तू घरी ये. कुठल्या घरी, ते आता विचारू नकोस.

ओढ्याच्या दोन्ही काठांची तुझी बहीण,
हेस्टर