एका डोळ्याची नागीण आणि घराची चावी

मी, श्रीमती झुंबरबाई सावळाराम ढवळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व साप पकडणे, राहणार वडगाव रासाई, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगून लिहून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. ऐकू थोडे कमी येते, पण दस्तलेखक महबूबभाई तांबोळी मोठ्याने वाचून दाखवतात. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दबावात ठेवणारे माणूस या गावात अजून जन्मायचे आहे. (हे वाक्य गाळू या, असे महबूबभाई म्हणाले. गाळायचे नाही.)

कलम १. चार वर्षांपूर्वी रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र आज रद्द करीत आहे. त्यात घर पुतण्या पप्पूला दिले होते आणि माझी एकुलती मुलगी सविता हिच्या नावापुढे ‘काही नाही’ असे लिहिले होते. सविता दौंडला वनरक्षक आहे. लोकांच्या घरांतून पकडलेले साप मी लगेच सोडत नसे, शाळांतून दाखवायला बरण्यांत ठेवीत असे. विषारी साप घरात बाळगणे गुन्हा आहे, हे मला माहीत होते. पप्पूने नागाची बरणी छातीशी धरून फोटो काढला आणि मोबाईलवरून गावभर पाठवला. तिसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी दारात, त्यात वर्दीतली सविताही. साहेबांना ओसरीवरच्या तीन बरण्या सापडल्या आणि ते निघाले. तेवढ्यात सविताच म्हणाली, “साहेब, आतल्या खोलीत अजून दोन हायती.”

माझ्यावर केस झाली, तारखा अजून चालू आहेत. त्या दिवसापासून मी पोटच्या पोरीशी बोललेले नाही.

कलम २. राहते घर, विहिरीजवळचे वीस गुंठे आणि दोन शेळ्या माझ्या पश्चात सविताच्या. कारण लिहिणे भाग आहे. तिचे वडील सावळाराम नागपंचमीला लोकांना दाखवायचा म्हणून नाग टोपलीत ठेवून होते. त्यानेच त्यांना डंख मारला आणि ते गेले. टोपलीचे झाकण सविताच्या हातात होते. ती सहावीत होती. माझ्या आतल्या खोलीतल्या बरण्या तिला का सलत होत्या, हे समजायला मला चार वर्षे लागली. माझी अक्कल शेण खायला गेली होती. मृत्युपत्रात माफी मागता येते का, ते महबूबभाईंना माहीत नाही. मी मागत आहे.

कलम ३. साप धरायचा माझा लोखंडी आकडा सविताची मुलगी, माझी नात प्रगती हिला. मात्र तिने आधी रीतसर शिकावे आणि वनखात्याकडे नाव नोंदवावे. तोवर आकड्याने फार तर चिंचा पाडाव्यात.

कलम ४. पप्पूला काही ठेवलेले नाही. त्यामुळे साक्षीदार म्हणून तो चालतो, असे महबूबभाई म्हणतात. पोरगा मनाने वाईट नाही, नुसता हौशी आहे.

कलम ५. माझ्याकडे एक नागीण आहे. केस झाल्यानंतर, दोन वर्षांपूर्वी, ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली सापडली. एक डोळा गेलेला, जबडा फाटलेला. सोडली असती तर उपाशी मेली असती. मी तिच्यासाठी उंदरांचे पिंजरे लावते. दुपारी घरात दुसरे कोणी नसते, तेव्हा तिच्याशी बोलते. ही नागीण सविताला द्यावी.

इथे महबूबभाईंनी पेन खाली ठेवला आणि नागीण कुठे आहे, असे विचारले. ते बसले होते त्या बाकाखालच्या पेटीत, असे मी सांगितले. पुढचे बोलणे त्यांनी पाय वर घेऊन केले.

“झुंबरताई, साप सरकारचा आहे. जे तुमचं नाही ते तुम्ही देणार कसं? आणि तुम्ही डोळे मिटले की हे घर सविताचं. वनरक्षकाच्या घरात नाग सापडला तर तिची वर्दी राहील का?”

मी रात्रंदिवस त्या पेटीजवळ वावरले, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. माझ्या मरणापर्यंत ती माझ्यापाशी असावी, एवढाच माझा हिशेब होता. काल इथवर लिहून झाले.

आज सकाळी मी सविताला फोन लावला आणि एवढेच म्हणाले, “ये. वर्दी घालून ये.”

ती आली. पेटी मी स्वतः उचलून तिच्यापुढे ठेवली. तिने झाकणाच्या जाळीतून पाहिले आणि विचारले, “आये, आन् आतल्या खोलीत?”

“आत काय न्हाई. बघून घे.”

तिने आत जाऊन कणगीमागेसुद्धा पाहिले. मला राग आला नाही. मग तिने पंचनामा लिहिला, काही न लपवता: दोन वर्षे बाळगली, स्वतःहून ताब्यात दिली. मी सही केली. दुसरी केस झाली तर ती माझ्या एकटीवर, सविताला यातले काही ठाऊक नव्हते, हे इथे शपथेवर लिहिले आहे. नागीण पुण्याला उपचार केंद्रात जाईल. पेटी गाडीत ठेवताना मला रडू आले, आणि पप्पूने फोटो काढला नाही.

निघताना सविता म्हणाली, “तारखेला एसटीनं जाऊ नको. मी येते न्यायला.”

म्हणून कलम ५ रद्द करावे आणि कलम २ मध्ये दुरुस्ती करावी: ‘माझ्या पश्चात’ हे शब्द खोडावेत. घराची चावी मी आजच तिच्या हातात दिली आहे.

ठिकाण: वडगाव रासाई
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

सही: झुंबरबाई सावळाराम ढवळे

साक्षीदार:
१. महबूब तांबोळी, दस्तलेखक, शिरूर (सही पाय खाली ठेवून केली)
२. पप्पू ढवळे, वडगाव रासाई