त्या बाईचा आवाज

माय,

तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता कुठे येत होतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत आलो. खरं म्हणजे मला तुझ्यासमोर यायची लाज वाटते, कागदावरसुद्धा.

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवरचा तो दिवस तुला आठवत असेल. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो, नव्या रेकॉर्डरचं कौतुक मिरवत, आणि तुझा डबा द्यायच्या निमित्ताने तिथे येऊन बसलो. चहूकडे ओली लाल मिरची वाळत पडलेली, माझ्या शिंका थांबेनात. तुम्ही बाया तोंडाला फडकी बांधून देठ खुडताय आणि तू गुणगुणतेयस. त्याला शब्द नाहीत. नाकातून निघणारा एक सूर, वर चढतो, मध्येच अडकतो आणि दमून खाली येतो. मी रेकॉर्डर तुझ्यापुढे धरला. कोणतं गाणं गं, म्हणून विचारलं तर तू म्हणालीस, "गानं कसानं रे भाऊ! खोकला दाबी ऱ्हायनू." सगळ्या बाया हसल्या. तोंड मिटून घशात सूर धरून ठेवला की ठसका दबतो, ही तुमची तिथली रोजची रीत. पण हसू आलं तशी तुझी पकड सुटली आणि तू खोकत सुटलीस. तेही रेकॉर्ड झालं.

मी काय काम करतो ते तुला कधी नीट कळलं नाही. "तुन्हं गानं रेडिओवर कधी लागस?" असं दर सुट्टीत विचारायचीस. मोबाईलवरच्या खेळात माणूस पळतो, लढतो, मरतो, त्याच्या मागे जे वाजत असतं ते मी करतो, असं एकदा समजावलं, तर तू गल्लीत सांगत सुटलीस, "मन्हा पोऱ्या मोबाईलना खेळम्हा पेटी वाजाडस." मी केवढा चिडलो होतो तुझ्यावर. आता वाटतं, माझ्या धंद्याचं इतकं खरं वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

तो सूर मी माझ्या पहिल्या मोठ्या खेळात वापरला. खोकला कापून टाकला, आवाज जरा खाली उतरवला, मागे पाण्याचा घुमारा दिला. खेळणारा हरला की तो सूर लागायचा. स्टुडिओतल्या लोकांनी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला. कुणाचा आवाज, असं कुणीतरी विचारलं. 'आईचा' हा शब्द अगदी ओठांवर होता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आई काय करते. मी म्हणालो, तोरणमाळच्या एका म्हातारीचा. तोरणमाळला मी शाळेच्या सहलीत एकदाच गेलेलो, आणि घाटात ओकून घरी आलेलो. पण त्यांचे डोळे असे चमकले, की मी त्या म्हातारीला डोंगरावर एक झोपडीही बांधून दिली. मिरची खुडणारी आई सांगायची लाज वाटली, माय, आणि परकी म्हातारी सांगताना छाती फुगली.

मग तू दवाखान्यासाठी पुण्याला आलीस. परत जायच्या दिवशी स्टुडिओ बघायचा म्हणालीस. मऊ भिंतींना हात लावून बघितलास आणि माझ्या कानाशी म्हणालीस, "आठे ते खोकलानी बी लाज वाटस." आमचा ध्वनिमुद्रक भला माणूस. तुला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "आजी, तुमच्या भागातली एक गंमत ऐकवतो. तोरणमाळची बाई आहे." सूर सुरू झाला. तू पहिल्या क्षणाला ओळखलास. माझ्याकडे पाहिलंस. मग त्याला म्हणालीस, "चांगला शे त्या बाईना आवाज."

आणि तेवढ्यात तुला ठसका लागला. जन्मभर जे केलंस ते करायचं, तोंड मिटून सूर धरायचा, की झालं. पण धरला असतास तर त्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं. तू गुणगुणली नाहीस. ज्या खोलीत खोकायची लाज वाटते म्हणालीस, तिथेच पदर तोंडाला लावून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकलीस. मी पाठीवर हात फिरवत होतो. सांगून टाकायला याहून चांगली वेळ नव्हती. मी नाही सांगितलं. स्टेशनवरही तू काही विचारलं नाहीस. जेवत जा वेळेवर, एवढंच म्हणालीस. त्यानंतर तुला मी जिवंत पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात मावशीकडे गेलो होतो. मी काय करतो ते दाखव म्हणाली, म्हणून तो जुना खेळ लावला आणि लगेच हरलो. मावशीच्या हातातलं लाटणं थांबलं. "आरे, हाई ते मन्ही बहीण शे!" ती माझ्याजवळ येऊन बसली. "हार रे भाऊ, आखो एकदाव हार." मी हरत राहिलो. तव्यावरची पोळी जळली तरी ती उठली नाही.

तिथून परतलो तो सगळं सांगायचं ठरवूनच. या आठवड्यात स्टुडिओतून फोन आला. नर्मदेच्या पाण्याखाली गेलेल्या गावावर मोबाईलवर ऐकायची नाट्यमालिका करताहेत, संगीत माझं. त्यांना तोरणमाळच्या म्हातारीचा आवाज पुन्हा हवा, या वेळी जास्त. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ती वारली." मग ते म्हणाले, "अरेरे. फार वाईट वाटलं. तिच्या घरच्यांना आमच्याकडून कळवशील?"

मी म्हणालो, कळवतो.

म्हणून हे लिहायला बसलो, माय. तिच्या घरचं माणूस म्हणजे मीच. तू गेलीस तेव्हा पुण्यात कुणाला सांगितलं नव्हतं, गावाकडे काम आहे म्हणून निघालो होतो. त्यामुळे तुझ्यासाठी कुणी वाईट वाटून घेतल्याचं मी इथे पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवल्यावर मी रडलो. मात्र परत फोन करून, ती माझी आई होती, एवढं मी अजून सांगितलेलं नाही.